डावीकडचं तिसरं बटण

माझा कान पक्का आहे. फुशारकी नाही, या कानानेच माझा घात केलाय. बाबांनी वाद्यदुरुस्तीचं दुकान माझ्या हवाली केलं तेव्हा कानशींच्या डब्याबरोबर ही खोडही दिली. कुठे काही बेसूर वाजलं की मला स्वस्थ बसवत नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी तिथलं दार कोणत्या पट्टीत करकरतंय, ते मी मनातल्या मनात ठरवत बसते.

बोटवाले काका अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुकानात आले. जन्माने आयरिश, उभा जन्म जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेला, आणि शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंशी लग्न करून इथेच मुक्काम ठोकलेला. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक षटकोनी पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. दोन्ही हातांच्या मध्ये धरून ओढायची आणि दाबायची, दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये कागदी भाता. कॉन्सर्टिना म्हणतात तिला.

"हिचा पट्टा तुटला आहे," ते म्हणाले. "फक्त पट्टा. आत बघायचं नाही, पोरी."

मी तेव्हा पस्तिशीची, दोन मुलांची आई. पोरी म्हटल्यावर मी भुवया उंचावल्या, पण पट्टा शिवून दिला. नीट बसलाय का बघायला त्यांनी तिथेच उभ्याउभ्या एक धून वाजवली. ती धून पळत होती, अगदी धावत सुटली होती, आणि तरी तिच्यात काहीतरी इतकं एकटं होतं की माझे डोळे भरले. दुकानात रडलेलं मला अजिबात खपत नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आले, आणि म्हटलं, "काका, हे मला शिकवा."

मग दर गुरुवारी दुपारी ते येऊ लागले. शिकवायची त्यांची पद्धत त्यांच्या गावाकडची. धून तीनदा वाजवायची, तीनदा झाली की न थांबता पुढची धरायची. लिहायचं नाही, फोनवर साठवायचं नाही. मी वही काढली की भाता बंद. "कानाने घे," म्हणायचे. नावं विचारली तर खांदे उडवायचे. "हिचं नाव? मला शिकवलं त्याचं नाव माहीत आहे." मी माझ्या हार्मोनियमवर त्यांच्या मागे धापा टाकत जायची; कधी ते आपली पेटी माझ्या हातात देऊन बटणंही शिकवायचे. बदल्यात मी त्यांना बाबांची एक संथ चीज शिकवली, तर पठ्ठ्या ती अशा झपाट्याने वाजवायचा, की बाबा असते तर त्यांनी दोघांनाही कान धरून बाहेर काढलं असतं. आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

शेवटी एक धून ठरलेली असायची, त्यांच्या आईची. पेटीही आईचीच. आणि त्या धुनेत एक जागा यायची, जिथे माझा जीव खालीवर व्हायचा. डावीकडचं तिसरं बटण दाबून भाता ओढला, की निषाद लागायचा. पण धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकलेला.

"काका, हा सूर उतरलाय. पाच मिनिटांचं काम आहे, लावून देते."

"राहू दे त्याला."

"अहो, पण कानाला खुपतो!"

"तुझ्या," ते म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी त्या जागी हार्मोनियमचा शुद्ध निषाद जरा जोरातच दाबायची. आळशी माणूस, म्हातारपणी पेटी उघडायला घाबरतोय, असा माझा समज. तेवढा एक सूर सोडला तर मला त्या संगीतातलं सगळं प्रिय होतं.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, "नाही". चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. कोणता 'नाही' कशाचा, ते काकू चेहऱ्यावरून ओळखायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली होती. माणसं ओळखत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

महिन्याभराने काकू टॉवेलात गुंडाळलेली पेटी घेऊन दुकानात आल्या. "अगं, भात्यातून हवा जातेय. तेवढं बघ. तू आईची धून वाजवून दाखव ह्यांना. डॉक्टर म्हणाले, जुनं काही ऐकवा, त्याने माणूस परत येतो कधीकधी."

मी भाता चिकटवला. पेटी उघडलेलीच होती, कानस हाताशी होती. माझ्या मनात आलं, बिचारे पडून आहेत, निदान आईची पेटी एकदा सुरात ऐकू देत. त्या बटणाचा सूर देणारी पोलादाची एवढीशी पट्टी मी टोकाकडून घासली. टोकाला घासलं की सूर चढतो. चार हात फिरवले आणि शुद्ध निषाद लख्ख लागला. घासण्याआधी आहे तो सूर मोजून लिहून ठेवायचा, हा बाबांचा पहिला धडा. मी लिहिला नाही. चुकीचं कोण मोजून ठेवतं?

गुरुवारी मी खाटेशी स्टूल ओढून बसले आणि आईची धून धरली. काकांचे डोळे उघडले. डाव्या हाताचं बोट चादरीवर ठेका धरू लागलं. काकूंनी तोंडावर पदर दाबला. महिन्यात पहिल्यांदा ते डोळे कुठेतरी बघत होते, नुसते उघडे नव्हते. मग ती जागा आली.

बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. मी पेटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिसरं बटण दाबलं, मी भाता ओढला. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग पेटी हाताने लोटून दिली.

"नाही," ते म्हणाले. तो चहाचा 'नाही' नव्हता.

ते भिंतीकडे वळले आणि दिवसभर तसेच पडून राहिले. काकूंना वाटलं, त्यांना पेटी बदलून आणल्यासारखं वाटतंय. मी मान खाली घालून सांगितलं, "काकू, मी तो सूर लावला."

काकू म्हणाल्या, "अगं, तो सूर ह्यांच्या आईने घासून घेतला होता मुद्दाम. सासरे व्हायोलिन वाजवायचे, त्यांचं बोट तिथे पडायचं. त्यांच्या गावाकडे हा सूर तसाच लावतात म्हणे. बाजारची पेटी तसं वाजवेना, म्हणून आईंनी लोहाराकडून घासून घेतलं. दोघांचं एकत्र वाजायला." मग हळूच म्हणाल्या, "तुला कधी बोलले नाहीत?"

राहू दे, म्हणाले होते. दहा वर्षं म्हणत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, परत आणते. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो. काम सोपं होतं, पण किती उतरवायचा? मी डोळे मिटून आठवायला बसले. आठवेना. हजारदा ऐकलेला सूर, आणि माझ्या पक्क्या कानात तो नव्हताच. दर वेळी तो वाजला की मी मनातल्या मनात त्याला दुरुस्त करूनच ऐकत होते.

काकूंच्या फोनवर एक ध्वनिफीत निघाली. काकांच्या सत्तरीला त्यांनी चोरून घेतलेली. आम्ही दोघींनी कान लावला. धून आली, ती जागा आली, आणि तिथे माझी हार्मोनियम. शुद्ध निषाद, जोरात. खाली काकांचा सूर होता, पण तो मी पुरून टाकला होता. काकूंनी फोन बंद केला आणि मला पाणी दिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी खरवडायला लागले. केसभर खरवडायचं, पेटी बंद करायची, मागच्या गल्लीत जायचं. काका बटण दाबायचे. "नाही." आणि भिंतीकडे तोंड. पुढच्या गुरुवारी पुन्हा. एकदा जास्त उतरला, म्हणून टोकाला घासून चढवला. पट्टी दोन्हीकडून झिजत चालली. पाचव्या खेपेला काकू दारातच म्हणाल्या, "दर वेळी हे आशेने हात पुढे करतात गं. मला बघवत नाही."

"एकदाच, काकू. पट्टीत आता तेवढंच उरलंय. याच्यापुढे मोडेल."

आत गेले. काकांनी हात पुढे केला. बटण दाबलं. मी भाता ओढला. सूर मधेच कुठेतरी लागला. तो असेल असं मला फार वाटत होतं. त्यांनी पुन्हा दाबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला रडू आवरेना. खोलीत, काकूंसमोर, लहान पोरीसारखं हुंदके देऊन.

काकांनी बटणावरचं बोट काढलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ओठ जुळवायला त्यांना फार कष्ट पडले.

"हो," ते म्हणाले.

काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं. झटका आल्यापासून पहिला नवा शब्द. त्यांनी मला मिठीच मारली. "जमलं गं! जमलं तुला! वाजव, वाजव आता!"

मी डोळे पुसले आणि आईची धून धरली. काकांचं बोट चादरीवर ठेका देऊ लागलं. चेहरा शांत होता, माझ्याकडे बघून थोडे हसलेही. ती जागा आली तेव्हा बोट वर उचललं गेलं, सूर जाईपर्यंत तसंच अधांतरी राहिलं आणि पुढच्या सुरावर खाली आलं. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदाही तिथेच उचललं. तो 'हो' सुराला नव्हता, माझ्या रडण्याला होता.

काकू पलीकडे बहिणीला फोनवर सांगत होत्या, हे 'हो' म्हणाले. तीनदा वाजवायची असते, म्हणून मी तिसऱ्यांदाही वाजवली.