दोन पिशव्या कोळसा

तात्रा पर्वताच्या पायथ्याशी कोळशाच्या पिशव्या रचून ठेवलेल्या असतात. एक पिशवी वरच्या, गिर्यारोहकांच्या निवाऱ्यापर्यंत नेली, की नेणाऱ्याला तिथे गरम चहा फुकट. पाच-पाच किलोच्या, हौशी लोकांसाठी. मी याच वाटेनं एकतीस वर्षं साठ-साठ किलो पाठीवर नेलं, आणि आता डॉक्टर म्हणतात, पावाच्या लादीपेक्षा जड काही उचलायचं नाही.

मी दोन पिशव्या सॅकमध्ये टाकल्या.

"बाबा, एक तरी मला द्या," माझी मुलगी झेल्मिरा म्हणाली.

"तू तुझा डबा सांभाळ."

निवारा चालवणारा वेंडेलिन आणि मी एकाच वर्षी हमालीला लागलो. वाट हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आत एकदा तरी माझ्या पाठीवरचा कोळसा त्याच्या शेगडीत पडायला हवा होता. एवढंही जमलं नाही, तर मी नुसता घरात बसून खाणारा म्हातारा.

बुटके पाइन संपले आणि उघडा माळ लागला. सप्टेंबरात तिथलं गवत तांबडं पडतं. वारा समोरून, दहा पावलांवर दम. एक जोडपं वाट सोडून गवतात लोळत फोटो काढत होतं.

"दगडांवरून चाला," मी खेकसलो. "राष्ट्रीय उद्यान आहे हे. तुमच्या अंगाखालची ती फुलझाडांची गादी वाढायला पन्नास वर्षं लागतात."

"आजोबा, आधी दम खा," पोरगा म्हणाला.

खावा लागला, म्हणून जास्तच राग आला.

झऱ्यापाशी टेकलो आणि डोळा लागला. उठलो तर अंगात नवं बळ. शेवटचा चढ एकदाही न थांबता चढलो. झेल्मिराच मागे पडली.

"चल की," मी म्हटलं. "आणि डॉक्टरला सांग जाऊन, काय पाहिलंस ते."

ती घामाघूम झाली होती.

वेंडेलिन दारातच होता. मी सगळ्यांसमोर कोळशाच्या पेटीवर सॅक उलटी केली. आतून झेल्मिराचा स्वेटर पडला, मग पावाचा डबा.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकतीस वर्षांचा हमाल मी, आणि पाठीवरचं वजन उतरलेलं मला कळलं नाही.

झेल्मिरानं तिच्या सॅकमधून दोन्ही पिशव्या काढल्या. "ओठ निळे पडले होते तुमचे. काय करायला हवं होतं मी?"

"मला उठवून विचारायचं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

वेंडेलिननं चहा पुढे केला. "घे रे, गार होईल."

"जिनं कोळसा आणलाय तिला दे."

तिनंही घेतला नाही. कप बाकावरच राहिला.

"खाली न्यायचा कचरा आहे का?" मी विचारलं. वेंडेलिन झेल्मिराकडे बघायला लागला. "तिच्याकडे काय बघतोस? सॅक माझी आहे."

त्यानं चेपलेल्या रिकाम्या कॅनची एक गोणी दिली. तीन किलोसुद्धा नसेल. तीच सॅकमध्ये कोंबली आणि निघालो.

उतरताना गुडघे बोंबलत होते. झऱ्यापाशी मी बसलो नाही. दर वळणावर मात्र थांबायचो आणि मागे हात घालून गोणी चाचपायचो.

चौथ्या वळणावर झेल्मिरा म्हणाली, "आहे बाबा. मी हात लावलेला नाही."

तरी मी सॅक उतरवून पाहिली.