मौद्याच्या पिकअपचं डावं दार

ताराचंदने दार एकदा उघडलं, एकदा ढकललं आणि हात पुसले. कामठी रोडवरच्या त्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षांत शेकडो गाड्यांचं डेंटिंग झालं होतं. कोणतं दार कशाने रुसलंय हे त्याला आवाजावरून कळायचं.

"दाराले काही झालं नाही," तो म्हणाला. "ज्या खांबावर दार लटकलं आहे, तो खांब खाली बसला."

गाडी होती डॉक्टर सुमंत पांढरीपांडेंची. धंतोलीत त्यांचा हाडांचा दवाखाना. दोन वर्षांपूर्वी मौद्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना सन चौसष्टचा हा पिकअप सापडला आणि जुन्या गाड्यांचं वेड डोक्यात शिरलं. गंजलेला पत्रा बदलून, लालभडक रंग देऊन गाडी तयार झाली. रविवारी जुन्या गाड्यांची रॅली, आणि डावं दार लागेना. मागचा खालचा कोपरा दाराखालच्या पायदानावर आपटायचा, वर बोटभर फट.

काम केलेला रविंद्र बाजूलाच उभा होता. डॉक्टरांनी त्याला जाब द्यायलाच बोलावलं होतं. आठ वर्षं तो ताराचंदच्या हाताखाली शिकला आणि मग वर्धा रोडवर काचा लावलेलं चकचकीत दुकान थाटून बसला. पाटीवर 'रिस्टोरेशन स्टुडिओ'. ताराचंदला हा शब्द उच्चारताना तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं.

"कब्ज्याखाली तीन-तीन वॉशर!" ताराचंद बिजागरीशी वाकून म्हणाला. "वा रे स्टुडिओ! पायदान कापलं तवा दार लावलेलं होतं का काढलेलं?"

"काढलेलं, उस्ताद."

"दोन खांबांच्या मधात आधाराले अँगल मारला होता?"

रविंद्रने नकाराची मान हलवली.

"डॉक्टर, तुम्ही मोडलेलं हाड सरळ न करताच प्लास्टर मारता का?"

डॉक्टर मनापासून हसले. हसणं रविंद्रवर होतं, म्हणून ताराचंदलाही गोड लागलं. त्याने ग्राइंडर उचलला.

"अहो, पेंट!" डॉक्टर ओरडले.

"पेंट वाचवायचा असन तर गाडी फोटोत पाहा. खांबाचा पाय उघडल्याबिगर मले काही सांगता येत नाही."

डॉक्टरांनी तोंड वाकडं करून होकाराची मान हलवली. ठिणग्या उडाल्या. लाल रंग गेला, आणि खालून खड्डे बुजवायची पुट्टी निघाली, दोन बोटं जाड. ताराचंदचं तोंड सुटलं. "ही पुट्टी आहे का पुरण? हे तर जुनं काम दिसते. कोण्या गाढवानं केलं हे? असल्या माणसाले तर पत्र्याचा डबाही देऊ नये हातात. लोकाईच्या जिवाशी खेळतेत साले!" पुट्टीचा मोठा ढलपा निखळून पडला. आत गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात वेल्डिंगचे तीन टिपके, त्रिकोणात.

ग्राइंडर थांबला.

तसे तीन टिपके नागपुरात एकच माणूस मारायचा, तो स्वतः. मौद्याचा एक ठेकेदार, तेव्हा हिरवी असलेली हीच गाडी, दुसऱ्या दिवशी आरटीओचं पासिंग. ताराचंदला सगळं आठवलं. खांबाचा पाय गंजून चाळणी झालाय, कापावा लागेल, असं त्याने सांगितलं होतं. ठेकेदार म्हणाला, वेळ नाही, झाकून द्या. आणि ताराचंदने झाकून दिलं होतं.

त्याने वर पाहिलं. रविंद्र जमिनीकडे बघत होता.

"तुले माहीत होतं?" ताराचंदने आवाज खाली आणला.

"पायदान कापलं तवाच आतून टिपके दिसले."

"मग उघडलं काहून नाही?"

"उघडलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, कोणाचं काम." रविंद्र चाचरला. "म्हणून त्या जुन्या पत्र्यालेच पायदान जोडून टाकलं. अँगल मारायचा राहिला, ते मात्र माझं चुकलं."

ताराचंदने ग्राइंडर खाली ठेवला. रविंद्र उलटून बोलला असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. सकाळपासून ज्याला चारचौघांत सोललं, त्यानेच आपल्यावर पांघरूण घातलं होतं. आणि तेही असलं गचाळ! दया करायची तर निदान नीट वेल्डिंग करून तरी करावी.

"डॉक्टर," तो मोठ्याने म्हणाला, "ते गाढव मीच."

डॉक्टरांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांचे ओठ वाकडे झाले. "छान! एक चोर, दुसरा चोराचा चेला. आता मी जाऊ कोणाकडे?"

"जा कुठंही. कोणी पण रविवारच्या आत दार बसवून देईन. कब्जा वाकवून, हातोडा मारून. मी नाही देणार. मले तीन दिवस लागतीन, आणि तुमची रॅली जाईन."

डॉक्टर फोन काढून शेडबाहेर गेले. बराच वेळ कोणाकोणाशी बोलले; जो तो कब्जा वाकवून द्यायलाच तयार. परत आले ते चिडलेलेच. "करा," म्हणाले आणि रिक्षात बसले.

ताराचंदने आधी दार टांगलं. केबिनखाली जॅक लावला, वर लाकडाचा ठोकळा, आणि खांब केसाकेसाने वर घेतला. दाराभोवती सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या खोचल्या. चारही फटी जुळल्यावर दोन खांबांच्या मधात अँगल मारला, आणि मगच सडलेला पाय कापला. नवा जाड पत्रा रविंद्रने धरला. वेल्डिंगचा एक टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, मग दुसरा. घाई केली की पत्रा ओढला जातो. एवढ्या वेळात ताराचंदने रविंद्रला शिव्या द्यायचं एकदाही थांबवलं नाही, आणि रविंद्रने पत्रा एकदाही हलू दिला नाही.

सोमवारी डॉक्टर आले. दोन बोटांनी ढकललं की दार लागत होतं. त्यांनी तीनदा लावून पाहिलं, डोळा बारीक केला.

"मागची फट जरा जास्त वाटते."

 ताराचंद गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला होता, ग्राइंडरची वायर ओढत.

"अहो, ते दार तर झकास लागतं!"

"लागते ना. ही बाजूही मीच झाकून दिली होती," ताराचंद म्हणाला. "रविंद्र, अँगल आण."