लेबलाखालचा आवाज

आपल्या हातून कधी काही हरवत नाही, अशी फुशारकी पुस्तकं बांधणारा बाइंडर येताजाता मारायचा. आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज कायमचा जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आदल्या दिवशी त्यानं तिला तासभर बोलतं केलं आणि त्याची सीडी करून घेतली. वर कापडी लेबल, दुकानातलाच सरस लावून, असं चापूनचोपून बसवलं की बघत राहावं. मग सीडी कपाटात आणि कपाटाला कुलूप. धाकट्या बहिणीनं मागितली तर म्हणाला, "तू वेंधळी, हरवशील." झिजेल म्हणून स्वतःही कधी लावली नाही.

नऊ वर्षांनी त्याच्या मुलीनं विचारलं, "आजीचा आवाज कसा होता?" त्यानं मोठ्या ऐटीत सीडी काढली. यंत्र थोडं घरघरलं आणि गप्प झालं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ती उजेडात धरली. चाळणीसारखी भोकं दिसत होती.

"काका, आवाज असतो तो वरच्या बाजूला, लेबलाच्या अगदी खाली. तुमच्या सरसानं तोच खाल्ला."

"चकचकीत बाजूला मी बोटसुद्धा लावलं नाही हो."

"सगळे तीच बाजू जपतात. दुसरी प्रत आहे?"

नव्हती. बाईंना त्याची दया आली. "पुढच्या वेळी तीन करा. एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. आणि वर्षातून एकदा लावून बघत जा." आता पुढची वेळ कुठून आणायची बिचाऱ्यानं?

घरी येऊन तो आईसमोर मटकन बसला. "आई, मी तुझा आवाज घालवला गं."

आईनं पाटी ओढून लिहिलं: "धाकटीला विचार. मीच कुलूप काढून तिला एक दिवस सीडी दिली होती. तू चिडशील म्हणून आम्ही दोघी बोललो नाही."

वेंधळीनं चार फोन बदलले होते, आणि दर वेळी आवाज आधी नव्या फोनवर घेतला होता. संध्याकाळी ती आली. "ऐक, दादा. फक्त सरस लांब ठेव."

तासभर सगळे ऐकत बसले. शेवटी, रेकॉर्डिंग चालू ठेवून बाइंडर पाणी आणायला उठला होता, तेव्हाचं बोलणं आलं. हे त्यानं कधीच ऐकलं नव्हतं.

"गेला का हा? आवाज माझा जातोय आणि तोंड याचं उतरलंय. अरे, मी कुठे चाललेय? पण हा वेडा हे कुलपात घालील आणि कधी ऐकायचा नाही."

बाइंडर मुलीसमोरच रडला. आईनं पाटी पुसली आणि लिहिलं: "ऐकलंस एकदाचं."