दोन जावा, एक कवळी आणि मी

मी 'इक्वल्स' बोलतोय. कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबच्या प्रोग्राममधल्या पाच-सहा ओळी म्हणजे मी. दोन ऑर्डरी समोर आल्या की त्या सारख्या आहेत का, एवढंच सांगतो. 'हो' किंवा 'नाही'. तुमच्यासारखं 'बघू' म्हणणं मला जमत नाही.

माझ्या जन्माआधी संगणक प्रत्येक नोंद वेगळीच धरायचा. एका आजोबांची ऑर्डर चुकून दोनदा टाइप झाली आणि एका तोंडाला दोन कवळ्या तयार झाल्या. मालकांनी डोक्याला हात लावला. मग प्रोग्रामर ताईने मला लिहिलं.

"कवळी पूर्ण की अर्धी, माप कितीचं, दातांचा रंग कुठला. तिन्ही जुळलं की ऑर्डर तीच," असं म्हणून ती चहाला गेली. मी घाईत जन्मलो, त्याला मी काय करणार?

चार महिने माझा मोठा रुबाब होता. दुबार नोंद दिसली की मी 'हो' म्हणायचो आणि ती गळायची.

मग एकाच घरातल्या दोन जावांच्या ऑर्डरी आल्या. दोघींची कवळी पूर्ण, माप तेच, रंगही तोच. साचे वेगळे होते, पण ते मला कुणी दाखवले होते? मी ऐटीत 'हो' म्हणालो. धाकटीची कवळी बनली, थोरलीची ऑर्डर गळाली. आणि रविवारी थोरलीची पंचाहत्तरी, सगळं घर फोटोला जमणार!

शनिवारी दोघी कवळ्या न्यायला आल्या, तेव्हा हे उघडकीला आलं.

"पन्नास वर्षांत हिची न् माझी बरोबरी करायची कुणाची छाती झाली नाही," थोरली कडाडली, "आणि तुमचं यंत्र म्हणतं, आम्ही दोघी एकच?"

"जाऊबाई, फोटोपुरती माझी घाला हवं तर."

"तुझी उष्टी? त्यापेक्षा मी फोटोतच येत नाही!"

ताईने तिथल्या तिथे माझ्यात एक ओळ वाढवली: पेशंटचा नंबरही जुळायला हवा. पण नव्या कवळीला आठवडा लागणार होता. मला फार वाईट वाटलं.

पुढचं धाकटीनेच येऊन ताईला सांगितलं. थोरलीला कसंबसं फोटोला बसवलं, तर ती तोंडावर रुमाल धरून बसली. तेव्हा धाकटीने आपली नवीकोरी कवळी काढून पर्समध्ये टाकली आणि जावेच्या खांद्यावर हात ठेवून बोळकं भरून हसली. थोरलीचा रुमाल आपोआप खाली आला. तो फोटो आता ताईच्या टेबलावर असतो.

मंडळी, माझ्यासारखा कुणी लिहायला घ्याल, तर काय काय जुळायला हवं ते आधी नीट ठरवा, चहा मागाहून प्या. त्या दोघींच्या ऑर्डरी आल्या, की मी आता न चुकता 'नाही' म्हणतो. फोटोतल्या दोघींबद्दल मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलंच, तर मी 'हो' म्हणेन.