खिडकीतलं ‘हं’

दंतवैद्यांची हिरवी गाडी पुन्हा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कानवाल्यांनी आधी पेट्रोलला शिव्या घातल्या. मागच्या खेपेला दोष हवेचा होता आणि त्याच्या आधी खुद्द दंतवैद्यांच्या पायाचा. “डॉक्टर, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता की दात उपटता?” असं त्यांनी तोंडावर विचारलं होतं. दंतवैद्य भला माणूस. दरवेळी हसायचे, किल्ली ठेवायचे आणि चालत घरी जायचे. या खेपेला मात्र ते हसले नाहीत. “काका, घाई नाही, पण बघा,” एवढंच म्हणाले आणि गेले. ते न हसणं कानवाल्यांना फार लागलं.

कानवाले हे काही त्यांचं नाव नव्हे, पण त्या गल्लीत खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे कार्ब्युरेटर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला भरवणारं ते पितळी-जस्ती यंत्र. अशा गाड्यांना ती बहुधा दोन असतात, शेजारीशेजारी, जुळ्यांसारखी. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते, खोकते, नको तिथे रुसते. आता त्यासाठी काट्यांची यंत्रं मिळतात. कानवाल्यांकडे हातभर रबरी नळी होती. तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. इकडची फुसफुस ऐकायची, तिकडची ऐकायची आणि दोन्ही एक होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. या कानाच्या जोरावर लांबलांबून गाड्या त्यांच्या दारात यायच्या.

यायच्या, म्हणजे पूर्वी. रविवारी सकाळी तर गल्ली नुसती भरून जायची. लाल, पांढऱ्या, निळ्या, बुटक्या, लांब नाकाच्या, टप खाली पाडलेल्या गाड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालक बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकावणार, पोरं आरशात वाकुल्या दाखवणार. आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर, कारखान्याला लागूनच्या खोलीतून, शिवणयंत्राचा आवाज.

ते यंत्र त्यांच्या बायकोचं. गाड्यांचे कापडी टप आणि चामड्याच्या गाद्या ती शिवायची. लोक दोघांना मिळून ‘कानवाले आणि शिवणवाली’ म्हणायचे. एकाकडे गाडीचा घसा न्यायचा, दुसरीकडे तिचे कपडे. त्यांच्या हातांना पेट्रोलचा वास, तिच्या हातांना चामड्याचा आणि खडूचा. जेवायला बसले की दोन्ही वास ताटावर भेटायचे, आणि लेक नाक मुरडून आपलं ताट घेऊन पायरीवर जाऊन बसायची.

लग्नानंतर पहिलं वर्षभर शिवणयंत्र मागच्या खोलीत होतं. मग एक दिवस कानवाल्यांनी एका वकिलाची चांगली जुळलेली गाडी आणखी चांगली करता करता संध्याकाळपर्यंत पार बिघडवून ठेवली. वकील ताडताड बोलून गाडी ओढत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने एकटीने ते धूड ढकलत पुढच्या खोलीत आणलं आणि कारखान्यात उघडणाऱ्या खिडकीपाशी लावलं. “इथे उजेड चांगला येतो,” म्हणाली. कानवाल्यांना वाटलं, असेल.

तेव्हापासून एक रीतच पडून गेली. त्यांनी इंजिन सुरू केलं की खिडकीतलं यंत्र थांबायचं. ते मडगार्डवर ओणवे होऊन नळी कानाला लावायचे, इकडचा स्क्रू, तिकडचा स्क्रू, आणि मग केव्हातरी मागून आवाज यायचा, “हं.” बस, एवढंच. लगेच यंत्र पुन्हा चालू. कानवाले स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकायचे, खिडकीकडे वळून म्हणायचे, “कळतं का काही तुला?” ती मान न उचलता म्हणायची, “काही नाही कळत.” गिऱ्हाइकांना ते सांगायचे, “आमच्या हिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण शेरा मारायची हौस दांडगी.” गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची. उभं आयुष्य ही एकच थट्टा पुरली दोघांना.

गेल्या वर्षी ती गेली. थोडक्या आजारात गेली, यंत्रावर एक काम अर्धं टाकून. ते काम होतं याच हिरव्या गाडीच्या टपाचं. सुई अजून कापडात रुतलेली होती. कानवाल्यांनी ती कुणाला काढू दिली नव्हती.

आणि तेव्हापासून एकही गाडी धड जुळली नव्हती.

लेक आली होती ती आईची खोली आवरायला आणि जमलं तर बापाला आवरून बरोबर न्यायला. दुसरं काम अवघड आहे हे तिला माहीत होतं. म्हणून ती भांडली नाही. भाजी निवडता निवडता नुसती म्हणाली, “बाबा, आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे. गॅलरी आहे. दुपारी ऊन येतं.”

“ऊन इथेही येतं,” कानवाले म्हणाले.

“इथे माणूस नाही.”

कानवाले चिडले. चहाचा कप आपटला. मग म्हणाले, “हे बघ. डॉक्टरांची गाडी आहे दारात. ही जुळली तर मी इथेच राहतो आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही जुळली, तर कारखान्याला कुलूप लावतो, तुझ्याबरोबर येतो आणि तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसतो. झालं समाधान?”

“झालं,” लेक म्हणाली. तिला वाटलं, जिंकलेच.

कानवाल्यांनाही मनातून तसंच वाटत होतं. कान गेले आपले, असं त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. कानांच्या डॉक्टरांकडे मात्र गेले नव्हते. कशाला जायचं? दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं होऊन बसतं.

तरी कामात कसूर नाही. दोन्ही कार्ब्युरेटर त्यांनी उतरवले, खोलले, एकेक भाग धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडला. हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते तो झिजून सैल झाला होता, बाजूने चोरून हवा घेत होता. दांडा नवा बसवला, त्याभोवतीचे बुश नवे बसवले. पेट्रोल मोजणाऱ्या सुया उजेडाकडे धरून सरळ आहेत ना ते पाहिलं. वरच्या नळकांड्यातला पिस्टन बोटाने उचलून सोडला. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून तो खाली बसला, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसलं. नळकांड्यात पातळ तेल घातलं. तरुणपणी हे तेल ते बायकोच्या यंत्राच्या कुपीतून चोरायचे आणि ती रागे भरायची. कुपी अजून तिथेच होती. आज त्यांनी ती सरळ तिच्या खणातून उचलून आणली, आणि रागे भरायला कुणी नाही हे आठवून तिथेच स्टुलावर बसले. डोळे भरून आले. फडक्याने पुसायला गेले तर फडक्याला पेट्रोल. मग डोळे जास्तच वाहिले, आणि निदान त्याचं खापर पेट्रोलवर फोडता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. इंजिन गरम होऊ दिलं. लेक शेजारच्या खोलीत आईच्या यंत्रापाशी बसली होती. तिने वडिलांना न विचारता ती रुतलेली सुई वर घेतली होती आणि टपाची राहिलेली शिवण पुरी करत होती. कानवाल्यांनी ते पाहिलं होतं. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण यंत्राचा आवाज ऐकून ते तसंच मिटलं.

इंजिनाचा आवाज चढला तसं यंत्र थांबलं.

त्यांनी नळी कानाला लावली. पुढच्याची फुसफुस जाड होती, मागच्याची बारीक. मागचा स्क्रू जरासा आत. आता पुढचा किंचित बाहेर. खालची चकती अर्धा आटा वर. पुन्हा नळी. जवळ आलं. आणखी जवळ आलं. आता सारखं वाटतंय. वाटतंय, पण आहे का? त्यांनी नळी इकडे लावली, तिकडे लावली. सारखंच. पण कुणी सांगावं? अजून एक केसभर फिरवलं तर कदाचित अधिक गोड लागेल. त्यांचा हात स्क्रूकडे गेला.

“हं,” मागून आवाज आला.

हात जागच्या जागी थांबला. इंजिन चालू होतं आणि कानवाले मडगार्डवर तसेच ओणवे राहिले. मग त्यांनी सावकाश पुढच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन खालच्या बारीक खिळीने उचलून पाहिला, कणभर. इंजिन जरासं वर गेलं आणि लगेच आपल्या जागी येऊन स्थिरावलं. मागचा उचलला. तेच. अगदी तेच. मिश्रण बरोबर असलं की असंच होतं. वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. एक्झॉस्टमधून एकसारखा, मऊ, भरलेला आवाज येत होता.

इंजिन बंद करून ते खिडकीपाशी आले.

“तू ‘हं’ का म्हणालीस?”

लेक गोरीमोरी झाली. “तोंडातून निघून गेलं.”

“तुला काय कळतं कार्ब्युरेटरमधलं?”

“काही नाही कळत.”

“मग?”

लेकीने टपाचं कापड मांडीवर घेतलं, घडी घातली, पुन्हा मोडली. “रागावणार नसाल तर सांगते. आईला एकदा ताप होता. मी शाळेत होते. तुमच्याकडे ती लाल गाडी आली होती बघा, लांब नाकाची.”

“तिला कोण विसरेल! असं काम मी पुन्हा केलं नाही.”

“आईने अंथरुणातून मला या खिडकीत बसवलं. म्हणाली, बाबांच्या पायांकडे बघ. ओणवे झाले की ते चवड्यांवर उभे राहतात. आवाज जुळला की टाचा आपोआप जमिनीला टेकतात. त्यांना पत्ताही नसतो. टाचा टेकल्या की ‘हं’ म्हणायचं, लगेच. उशीर केलास तर सुधारता सुधारता बिघडवतील.”

कानवाले आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग त्यांचं मस्तक फिरलं. “म्हणजे इतकी वर्षं मी टाचांवर धंदा केला?”

“धंदा कानांवरच केलात, बाबा. टाचांना काय स्वतःचं कळतंय? कानांना पटायचं, टाचांना पटायचं, डोक्याला तेवढं पटायचं नाही. आई म्हणायची, यांना गाडी जुळवता येते, थांबता येत नाही.”

ते स्टुलावर बसले. कान गेले नव्हते तर. वर्षभर प्रत्येक गाडी जुळली होती, आणि प्रत्येक गाडी जुळल्यावर ते तिच्या पुढे निघून गेले होते, मागून येणाऱ्या एका अक्षराची वाट बघत. त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. दिवस चांगला वर आला होता, तरी लेकीने डोक्यावरचा दिवा लावला होता. या खोलीत कधीच पुरेसा उजेड येत नव्हता. मागच्या खोलीत मात्र सकाळपासून ऊन असायचं. आणि ही बाई जन्मभर इथे बसून, डोळे ताणून, त्यांच्या टाचा बघत शिवत राहिली.

“उजेड चांगला येतो म्हणाली होती,” ते पुटपुटले. मग लेकीसमोर हमसून हमसून रडले. या खेपेला हातात फडकं नव्हतं आणि पेट्रोलचं नावही घेतलं नाही.

लेकीने त्यांना रडू दिलं. चहा केला. कप हातात घेतल्यावर त्यांचा आवाज परतला. “पण तू गप्प बसली असतीस तर जिंकली होतीस. मी आलो असतो तुझ्याकडे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“टाचा टेकल्या,” लेक म्हणाली. “आणि तुम्ही येऊन केलं काय असतं? पाणी घालून घालून माझ्या कुंड्या मारल्या असत्या.”

संध्याकाळी दंतवैद्य आले. नवा टप चढवलेली गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवून आणली, उतरले आणि हसले. “माझे वडील चालवायचे तेव्हा अशी वाजायची,” थोड्या वेळाने म्हणाले. “काका, जरा रेस अजून…”

“अजून काही नाही,” कानवाले म्हणाले. “झालंय. घेऊन जा.”

लेक ठरल्या दिवशी एकटीच परत गेली. जाताना आईचं यंत्र तिने पुसून, तेल घालून, झाकून ठेवलं, पण खिडकीपासून हलवलं नाही.

पुढची गाडी एका संगीतशिक्षिकेची होती, पांढरी. बाई किल्ली देऊन शिकवणीला गेल्या आणि कानवाले एकटेच इंजिनावर ओणवे झाले. नळी इकडे, नळी तिकडे. फुसफुस जाड, बारीक, जवळजवळ सारखी, सारखी. बुटांच्या टाचा सिमेंटला टेकलेल्या त्यांना कळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कळल्या. हात सवयीने पुढच्या स्क्रूकडे निघाला होता. मागे शांतता होती.

“हं,” कानवाले स्वतःच म्हणाले.

हात थांबला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला, खिडकीकडे वळले, झाकलेल्या यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “कळतं का काही तुला?”