मी डबा, मला हार नको

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. जुनं ते माझं अंग: शेंगाचटणीचा रिकामा डबा. चाकं म्हणजे बरण्यांची झाकणं, मोटारी मोडक्या खेळण्यातल्या; डोळे आणि मेंदू तेवढे नवे. नववीतल्या सुकन्यानं मला घडवलं, तेव्हा माझ्या अंगाला असा ठसका होता की शेजारचा टीव्हीसुद्धा शिंकला!

सोलापुरातल्या शाळांची स्पर्धा होती. विटांना न धडकता पलीकडे जायचं. पहिला येईल तो पुण्याला. सुकन्याचा सारा जीव त्या पुण्यात अडकलेला.

बाकीचे यंत्रमानव चकचकीत, विकतचे. त्यांचा स्क्रू कुठं असतो हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. असल्यांशी मी काय बोलणार?

आपल्याकडे यंत्र म्हटलं की आधी पूजा. प्रमुख पाहुण्यांनी एकेकाच्या गळ्यात पोळ्याच्या बैलासारखा झेंडूचा हार घातला. माझ्यापाशी येऊन थबकले.

"हे काय गं, डबा?"

"यंत्रमानव हाय, साहेब. हार घाला की."

"अन् हाताला चटणी लागली म्हंजे? बाजूला घे!"

पोरीचे डोळे भरले. मला तोंड असतं तर मी तिथंच थुंकलो असतो.

शिट्टी झाली. हार लोंबत होते नेमके त्या शहाण्यांच्या डोळ्यांपुढं. त्यांना वाटलं, समोर भिंतच! सगळे मागं सरू लागले. पोरं हार काढायला धावली, तर मास्तर ओरडले, "पाहुण्यांचा हार काढायचा न्हाय!" एक पठ्ठ्या तर मागं सरत सरत थेट कुर्डुवाडीच्या गाडीत चढला म्हणतात. मी मात्र विटांमधून आरामात पार झालो.

मग आमच्या रेवणप्पा सरांना अक्कल सुचली. "ह्याला काचेच्या कपाटात ठेवू. पुण्याला एखादा विकतचा नेऊ. शाळेच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

सुकन्यानं मला छातीशी धरलं. "मग सर, पोरगी पण विकतच आणा की!"

सरांनी पुण्याच्या अर्जावर मुकाट तिचंच नाव लिहिलं.

आता मी तिच्या मांडीवर पुण्याला निघालोय. शेजारचा म्हातारा मघापासून भाकरी उघडून माझ्याकडे आशेनं बघतोय.

मित्रांनो, यंत्रावर माया असेल तर त्याला पुजत बसू नका, पळवा. बिघडलं तर खोला, पुन्हा जोडा. काचेच्या कपाटात विकतचे ठेवा. त्यांना तरी कुठं जायचंय?