दुपदरी जांभळा पडदा

मी पडदा बोलतोय. जांभळा, दुपदरी, कडांना विरलेला. आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. वर्षातले जेमतेम दोन आठवडे मी उजेडात असायचो. बाकी सगळा काळ वेदीमागच्या खोलीत, पेटीत, घडी होऊन. अंधारात पडून राहिलं की एकच प्रसंग इतक्यांदा आठवतो, की त्यातलं खरं किती आणि आपण भरलेलं किती, हे कळेनासं होतं. त्यात मला डोळे नाहीत. जे कळलं ते स्पर्शानं आणि कानांवर पडून. जन्मभर प्रवचनं ऐकल्यामुळे शंका काढण्याची खोड लागली, आणि म्हातारपणी ती स्वतःवरच उलटली.

तरी मला शिवणारी शिंपीणबाई एका दुपारी जे बोलली ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ते तीच बोलली, की मी मागाहून तिच्या तोंडी घातलं, हे मला कित्येक वर्षं ठरवता आलं नाही.

माझं काम थोडक्यात सांगतो. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत चर्चमधले क्रूस झाकून ठेवायचे आणि शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उघडायचे, अशी आमच्याकडची रीत. बाजूच्या भिंतीवर एक जुना लाकडी क्रूस होता. त्यावरची येशूची मूर्ती आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी. ती झाकण्यासाठी माझा जन्म झाला.

शिवणाच्या मशीनवर मी पहिल्यांदा ताणला गेलो तेव्हा खोलीत खोकल्याचा आवाज होता. शिंपीणबाईची एकुलती एक मुलगी चिंध्यांच्या ढिगावर अंगाची जुडी करून पडली होती. तिच्या अंगाची धग माझ्या लोंबत्या टोकापर्यंत येत होती.

"आई, त्याला का झाकायचं?"

"रीत आहे, बाळा."

"त्याला आत भीती नाही वाटणार?"

"बोलू नकोस. एवढी शिवण संपू दे, मग तुला डॉक्टरांकडे नेते."

रविवारच्या आत मला पोचतं करायचं होतं. एक शिवण संपली, मग काठ राहिले, काठ झाले तेव्हा नाड्या राहिल्या. मशीन थांबलं तेव्हा खोकलाही थांबलेला होता.

मुलीला कबरीत पोचवून आल्यावर शिंपीणबाईनं मला चर्चमधून परत मागवलं. आतून दुसरा पदर लावला. का, असं तिच्या धाकट्या बहिणीनं विचारलं, तर म्हणाली, "एकेरीतून दिसतं." आपल्याला आत दिसतं, की आतल्याला बाहेरचं दिसतं, हे काही तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर शिंपीणबाई दर उपवासकाळात अंगावर काटा येईल असं वागू लागली. राखेच्या बुधवारपासून जवळपास काही खायची नाही. गुडघे सुजेपर्यंत फरशीवर बसायची. अंगावरची शाल काढून वाटेतल्या कोणाला तरी देऊन टाकायची. मात्र त्या क्रुसासमोरून जाताना मान खाली. ती एकदा खाली गेली ती खालीच. दर वर्षी मला धुवायला आणि इस्त्री करायला घरी न्यायची, तेव्हा त्या दोघी बहिणींचं बोलणं मी ऐकायचो. दर वर्षी तिचे हात मला हलके लागायचे. इतके हलके, की पुढच्या वर्षी ते नसतील असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

"ताई, देवानं मागितलंय का हे?" धाकटी भांडी आपटत म्हणायची. "तुझं भांडण त्याच्याशी, आणि तुझ्यामागे घास घेऊन फिरायचं मी!"

"तू जेव ना. तुला कोणी धरलंय?"

"जेवते की! तुझ्यासमोर बसून जेवते. घशाखाली उतरत नाही तो भाग वेगळा."

त्या दोघींचा एक जुना वाद होता. लहानपणी दोघी त्या क्रुसाखाली खेळलेल्या. येशूचे डोळे उघडे आहेत, असं थोरली म्हणायची. मिटलेले आहेत, असं धाकटी म्हणायची. "अगं, मी दर रविवारी बघते. चांगले मिटलेले आहेत. तू मान वर करशील तर तुला दिसेल ना!"

मला विचाराल, तर मी दर वर्षी त्या चेहऱ्याला चिकटून असायचो. पण मी सैल पडलेलं कापड. नाकाचा उंचवटा कळायचा, काट्यांच्या मुकुटात धागे अडकायचे, त्यापलीकडे काही नाही. मात्र एक गोष्ट मी कोणाला बोललो नव्हतो. संध्याकाळी चर्च रिकामं झालं, दारं लागली, की माझ्या आड कोणीतरी जागं आहे असं वाटायचं. पेटीत परतलो की मला सुटल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या वर्षी शिंपीणबाईला अंथरुणावरून उठवेना. तिचा श्वास फाटक्या कापडासारखा आवाज करायचा. डॉक्टरांनी खडसावून सांगितलं होतं, हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर ही जायची. ती तोंड फिरवायची. त्या वर्षी मला धाकटीनं इस्त्री केली, आणि ती करत असताना फादर घरी आले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही उपवासकाळात सगळं करता. एकदा तरी त्याच्याकडे वर बघितलंत का?"

"बघितलं तर तोही बघेल, फादर."

"मग बघू दे की. त्यानं प्रेम केलं, आणि तुम्ही इतकी वर्षं दंड भरताय. त्यानं दंड मागितलाच नाही. कोणी आपल्याला जीव लावला तर निदान मान वर करून त्याच्याकडे बघावं, एवढंच."

फादर बाहेरगावी गेले. रविवारी मला क्रुसावर चढवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चचं दार करकरलं. फरफटत येणारी पावलं, मधूनमधून थांबणारी. धाकटीच्या खांद्यावर भार टाकून शिंपीणबाई आली होती. चर्चची व्यवस्था बघणारा माणूस धावत आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्यामुळे सगळे त्याला जुडगेमामा म्हणायचे.

"हे काय बाई! अशा अवस्थेत?"

"मामा, पडदा जरा वर कर. मला त्याचा चेहरा बघायचाय."

"शुक्रवारी उघडणार. पुढच्या शुक्रवारी."

"पुढच्या शुक्रवारी मी आहे का?"

जुडगेमामा किल्ल्या चाळवत म्हणाले, "फादर नाहीत. मी माझ्या मनानं कसा उघडू? आणि खरं सांगू का, तो नुसता वर होणारच नाही. गेल्या वर्षी पंख्याच्या वाऱ्यानं उडाला, पोरं खिदळली. म्हणून यंदा मागून शिवून टाकलाय. तुम्हीच शिकवलेली शिवण. उसवायची म्हटली तर कापड फाटेल."

यावर शिंपीणबाई हसली. पुष्कळ वर्षांनी ऐकलेलं ते हसू मला अजिबात बरं वाटलं नाही. त्यात खोकला होता.

"बघ," ती बहिणीला म्हणाली, "कशी चोख शिवण शिकवली मी. देवाला माझ्यासाठी बंद केलं, आणि आता मलाच उघडता येईना."

"ताई, चल घरी."

"थांब. मामा, बघायचं नाही हे कळलं. हात लावायचा नाही असं कुठं सांगितलंय?"

"तसं कुठं नाही सांगितलेलं..."

"मग स्टूल आण."

"अगं, पडशील!" धाकटी ओरडली.

"पडले तर देवाच्या दारात पडेन. तुझं उचलायचं काम वाचेल."

स्टूल आलं. एका बाजूनं जुडगेमामांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं धाकटीनं. शिंपीणबाई वर चढली तेव्हा तिचा श्वास माझ्यावर आदळत होता. तिनं तळवा टेकवला. हनुवटीवर, मग गालावर. सुई धरून घट्टे पडलेली तिची बोटं दोन पदरांवरून हळूहळू वर सरकली आणि डोळ्यांच्या जागी थांबली. बाहेरच्या रस्त्यावरचे आवाजसुद्धा थांबल्यासारखे झाले. मी एका हाताच्या आणि एका चेहऱ्याच्या मध्ये दाबला गेलो होतो. त्या दोघांमध्ये आपण असायला नको होतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आणि मग ती बोलली. निदान मी तसं ऐकलं. "बघतोयस होय रे? सगळा वेळ बघत होतास?"

"काय गं ताई?" खालून धाकटीनं विचारलं. तिला ऐकू गेलं नव्हतं.

"काही नाही. उतरव मला." खाली आल्यावर ती स्टुलावरच बसली. "घरी गेल्यावर काहीतरी गरम करून दे. भूक लागलीय."

धाकटी तिथंच हुंदके देऊन रडू लागली. जुडगेमामांनी विनाकारण सगळ्या किल्ल्या एकदा चाळल्या.

ती नंतर जेवू लागली. धाकटीनं भरवलं तसं जेवली, तिच्याशी गप्पा मारल्या, मुलीचं नावही घेतलं. पण शरीर पार खचलं होतं. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी मला उसवलं, तेव्हा गर्दीत धाकटी सगळ्यात पुढे उभी होती. "मिटलेलेच आहेत," ती पुटपुटली, आणि मी घाबरलो. म्हणजे ताईच्या हाताला काहीच लागलं नव्हतं? की तिचे ते शब्दच मी रचले होते?

त्यानंतर वर्षांमागून वर्षं मी पेटीत हाच विचार करत पडून राहिलो. कसर लागली, रंग उडाला, माझ्या जागी नवा एकपदरी पडदा आला. आता मी जुन्या मूर्ती दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या टेबलावर अंथरलेला आहे. त्या मूर्तीला माझ्यातच गुंडाळून इथं आणलं. खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे माझ्यावर पडताहेत. हे काम झालं की मला टाकून देतील, त्याची तक्रार नाही. उपवासकाळात कधी झाकलेल्या क्रुसासमोर उभे राहिलात तर एवढंच करा, मान खाली घालू नका.

आज दुपारी धाकटी आली होती. तीही आता काठी टेकत चालते. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी तिला जवळ बोलावलं, मूर्तीच्या चेहऱ्यावर दिवा धरला आणि सांगितलं, की या मिटलेल्या पापण्या मागाहून कोणीतरी नुसत्या रंगानं काढल्या आहेत. त्या रंगाखाली, लाकडात, डोळे उघडेच कोरलेले आहेत.